थंडीचं बिल

डिसेंबर २०२२. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्याला निघालो होतो. त्या वर्षी इंग्लंडात गॅसचे दर असे काही भडकले होते की आम्ही ऑनसाइटवाले घरात दोन-दोन स्वेटर घालून लॅपटॉपपुढे बसायचो. तेव्हा निघताना अस्मादिकांनी एक हुशारी केली. डर्बीतल्या घराचं हीटिंग पूर्ण बंद न करता सात अंशांवर लावून ठेवलं. पाइप गोठून फुटायला नकोत आणि बिलही यायला नको! स्वतःवर खूश होऊन विमानात बसलो.

परत आलो तेव्हा पाइप ठणठणीत होते. खिडकीतली तुळस मात्र काळी पडून वाळली होती. लेस्टरच्या एका गुजराती काकांच्या दुकानातून आणलेल्या कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. पानं सगळी खाली कार्पेटवर.

मला पहिल्यांदा कळेचना. घरात काही बर्फ पडला नव्हता. पाणी शून्याला गोठतं, घर होतं सातला. मग मेली कशी?

मग आपली नेहमीची सवय. बग सापडला की मुळापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नाही. वाचत गेलो आणि वाचता वाचता दोन-तीनशे वर्षं मागे पोचलो. हा लेख त्याच वाचनाचा.

आधी शास्त्र थोडक्यात. थंडीने झाडं दोन प्रकारे मरतात. एक म्हणजे गोठून. पेशींच्या भोवतालचं पाणी गोठतं, तो बर्फ पेशीतलं पाणी ओढून घेतो, पेशीचे पडदे फाटतात आणि बर्फ वितळला की पान उकडलेल्या पालकासारखं लिबलिबीत होतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दंव गोठल्याचे फोटो दर वर्षी पेपरात येतात, ते बघून आपण खूश होतो. तिथला स्ट्रॉबेरीवाला होत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे गारठून, आणि माझ्या तुळशीचं तेच झालं. पेशीभोवतीचा पडदा हा स्निग्ध पदार्थांचा असतो. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं आणि शेजारचं गोडेतेल मात्र वाहत राहतं, हे आपण घरोघरी बघितलंय. उष्ण प्रदेशातल्या झाडांचे पडदे त्या खोबरेल तेलासारखे. दहा-बारा अंशांच्या खाली गेलं की ते आखडतात, गळायला लागतात, मुळांना पाणी ओढता येत नाही. कुंडीतली माती ओली आणि झाड तहानेने मरतंय असा प्रकार. थंड प्रदेशातल्या झाडांचे पडदे गोडेतेलाच्या जातीचे, त्यामुळे त्यांना फरक पडत नाही. म्हणजे माझे सात अंश पाइपांसाठी होते, तुळशीसाठी नव्हतेच.

आता गंमत अशी की ज्या देशात ही खोबरेल तेलवाली झाडं जगूच शकत नाहीत, त्याच देशातल्या लोकांनी ती जगवण्यासाठी तीनशे वर्षं आटापिटा केला. तो आटापिटा तीन मार्गांनी झाला: आग लावून, आडोसा शोधून, आणि तिसरा मार्ग, जो कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

*

सुरुवात झाली संत्र्यांपासून. सतराव्या शतकात युरोपातल्या राजेरजवाड्यांना संत्र्याच्या झाडांचं वेड लागलं. झाडं मोठ्या लाकडी खोक्यांत लावायची, उन्हाळ्यात अंगणात ठेवायची आणि हिवाळा आला की उचलून आत न्यायची. 'आत' म्हणजे ऑरेंजरी. व्हर्सायला चौदाव्या लुईसाठी जूल आर्दुआँ-माँसार याने १६८४ ते १६८६ मध्ये बांधलेली ऑरेंजरी आजही आहे. जाड दगडी भिंती, दक्षिणेकडे उंचच उंच खिडक्या आणि वर पक्कं छत. झाडाला डोक्यावरूनही उजेड लागतो ही गोष्ट तेव्हा कोणी फारशी मनावर घेतली नव्हती. संत्र्यांचं त्यावाचून फार अडलं नाही. ती हिवाळ्यात जरा आळसावतात, पण तग धरतात.

अननसाचं तसं नाही. अननसाला वर्षभर ऊब पाहिजे आणि मुळाशी तर जास्तच. आधी डचांनी तो साधला. मग इंग्लंडमध्ये रिचमंडला मॅथ्यू डेकर या धनाढ्य व्यापाऱ्याच्या बागेत हेन्री टेलेंड या त्याच्या माळ्याने अननस पिकवून दाखवला. त्या अननसाचं १७२० साली तैलचित्र काढून घेतलं होतं! आपण मुलांचे फोटो काढतो तसं.

ऊब आणली कुठून? चांभारवाड्यातून. कातडी कमावायला वापरलेली ओकची साल खड्ड्यात भरली की ती आंबते आणि दोन-तीन महिने संथ, एकसारखी ऊब देत राहते. त्या सालीत कुंड्या पुरायच्या. वर काच, मागच्या पोकळ भिंतीतून भट्टीचा गरम धूर. स्कॉटलंडमध्ये डनमोर इथे १७६१ हे साल कोरलेली अशीच एक बाग आहे. तिच्या मधोमध इमारतीवर दगडात कोरलेला घरभर उंचीचा अननस आहे आणि भट्ट्यांची धुराडी शोभेच्या कलशांच्या आड लपवलेली आहेत. पाहुण्याला अननस दिसला पाहिजे, धूर नाही.

धूर लपवायचा, आणि धूर करणारा माणूसही. हे सगळं चालायचं कोणाच्या जिवावर, तर शिकाऊ माळीपोरांच्या. काचघरांच्या मागे उत्तरेच्या भिंतीला टेकून यांच्या राहायच्या खोल्या असायच्या, म्हणजे ऊन पुढच्या बाजूला अननसाला आणि सावली मागच्या बाजूला पोरांना. थंडीत रात्री उठून भट्टीत कोळसा टाकायचा, थर्मामीटर बघायचा, परत झोपायचं. ज्यांनी कधी प्रॉडक्शन सपोर्टची ऑन-कॉल ड्यूटी केली आहे त्यांना मी जास्त सांगायला नको. एका रात्री डोळा लागला की दोन-तीन वर्षांची मेहनत गेली. अननसाला फळ धरायला तेवढा वेळ लागतोच.

*

या आगीच्या मार्गाचं शिखर बघायचं तर डर्बीपासून तासाभरावर चॅट्सवर्थ आहे. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा वाडा. आडनाव कॅव्हेंडिश. (हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे जळगावला लागणार आहे.)

१८२६ मध्ये सहाव्या ड्यूकने जोसेफ पॅक्स्टन नावाच्या शेतकऱ्याच्या पोराला मुख्य माळी म्हणून नेमलं. वय अवघं बावीस. या माणसाने तिथे १८३६ ते १८४० या काळात जगातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं काचघर बांधलं. लोक त्याला 'ग्रेट स्टोव्ह' म्हणायचे, म्हणजे महाभट्टी. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच. जमिनीखाली आठ बॉयलर आणि सुमारे सात मैल लांबीचे गरम पाण्याचे पाइप. कोळसा भुयारातल्या रुळांवरून यायचा आणि धूर दूरच्या टेकडीवर सोडायचा. पुन्हा तेच, धूर दिसता कामा नये. डिसेंबर १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा आत १२,००० दिवे लावले होते आणि राणीची घोडागाडी थेट काचघराच्या आतून गेली. बाहेर डर्बीशायरचा डिसेंबर, आत ताडमाड आणि केळी.

त्या वेळी काचेवर कर होता. तो १८४५ मध्ये उठला आणि मग काचघरं मध्यमवर्गापर्यंत आली. पण ड्यूकला कराची काय फिकीर!

एवढं मोठं घर बांधलं की भरायला झाडंही पाहिजेत. ड्यूकने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या विशीतल्या माळ्याला हिंदुस्थानात पाठवलं. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजातून येत होते त्यातच तो बसला. कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये नॅथॅनियल वॉलिक यांच्याकडे मुक्काम आणि मग खासी टेकड्यांत, चेरापुंजीच्या पावसात, ऑर्किडांच्या शोधात. (पुणेकरांसाठी: आपल्या दापोडीच्या बागेचे अलेक्झांडर गिब्सन ते वेगळे. मीही आधी गोंधळलो होतो.) १८३७ मध्ये तो ब्रह्मदेशातलं ॲमहर्स्टिया हे लाल झुबक्यांचं झाड आणि शेकड्यांनी ऑर्किडं घेऊन परतला.

आता चार-पाच महिन्यांच्या सागरी प्रवासात झाडं जगली कशी? त्याचं उत्तर लंडनच्या एका डॉक्टरने अपघाताने शोधलं होतं. नॅथॅनियल वॉर्ड याने १८२९ मध्ये पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटली बंद केली. पतंगाचं जे व्हायचं ते झालं, पण मातीतून नेच्याचं रोप उगवलं. धुराने कोंदलेल्या लंडनमध्ये बाहेर जे नेचे जगत नव्हते ते बंद बाटलीत मजेत! पानांतून निघालेली वाफ काचेवर थिजते, परत मातीत पडते. पाणी घालायची गरजच नाही. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या सिडनीला गेल्या आणि आतली झाडं जिवंत पोचली. पुढे चिनी चहा हिमालयात आणि क्विनाइनचं सिंकोना निलगिरीत आलं ते अशाच पेट्यांतून. साम्राज्याच्या इतिहासात तोफांइतकंच या पेट्यांचंही नाव घ्यायला हवं.

पण एका गिब्सनच्या यशामागे दोन माणसं आहेत, त्यांची नावंही घेऊ. ड्यूकने रॉबर्ट वॉलेस आणि पीटर बँक्स या आणखी दोन माळ्यांना उत्तर अमेरिकेत पाठवलं होतं. १८३८ मध्ये कोलंबिया नदीत बोट उलटून दोघेही बुडाले.

*

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त मजा आली ती त्यांच्या चुका वाचताना. कारण माझी चूक थंडीची होती, यांची उलटी होती.

लांबून आलेलं झाड म्हणजे त्याला गरम पाहिजेच, असा यांचा पक्का समज. अठराव्या शतकात लॉर्ड पीटरकडे चीनहून कॅमेलिया आली. मौल्यवान म्हणून तिला नेऊन ठेवलं गरम काचघरात, आणि ती मेली. कॅमेलिया बिचारी बाहेर थंडीत आरामात राहते. आज इंग्लंडात कुठेही कुंपणाशी फुललेली दिसते. ऑर्किडांचं तर विचारूच नका. सगळी ऑर्किडं म्हणजे घनदाट जंगलातली, असं समजून दमट भट्टीत कोंबायची. त्यातली कितीतरी डोंगरउतारावरच्या गार, वाहत्या हवेतली होती. हजारोंनी आणली आणि हजारोंनी मारली. पॅक्स्टनचं मोठेपण इथे दिसतं. त्याने वेगवेगळ्या ऑर्किडांसाठी वेगवेगळ्या तापमानाची काचघरं केली आणि खिडक्या उघडल्या. झाड कुठून आलं, किती उंचीवरून आलं, तिथे रात्री किती गार पडतं, हे विचारायचं ठरवलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर, रिक्वायरमेंट न विचारताच सोल्यूशन बांधलं होतं. हेच आपणही करतो ना? 'युजरला हे आवडेलच.' युजर मरतो, तरी आपण म्हणतो हीटिंग वाढवा. :)

१८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनहून एक पंख्यासारख्या पानांचा ताड पाठवला. तो क्यूच्या बागेत उघड्यावर लावला. जगला. आज तोच ताड इंग्लंडातल्या गावागावांत घरापुढे उभा दिसतो, बर्फ अंगावर घेऊन. त्याला काचघराची गरज नव्हतीच.

*

आता त्या महाभट्टीचं पुढे काय झालं ते.

मी २०२३ च्या मे महिन्यात चॅट्सवर्थला गेलो. काचघर बघायचं म्हणून विचारत विचारत पोचलो, तर समोर काचघरच नाही. आहे ते झुडपांचं चक्रव्यूह. लहान मुलं आत हरवून किंचाळत होती. भोवतीच्या दगडी पायाच्या भिंती तेवढ्या जुन्या.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. कोळसा युद्धाकडे वळला, माळी खंदकांत गेले. आठ बॉयलर थंड पडले. ब्रह्मदेश, ब्राझील, मॉरिशसहून आणलेली, ऐंशी वर्षं जपलेली झाडं मेली. युद्ध संपल्यावर पुन्हा एवढी आग पेटवण्याची कोणाची ऐपत उरली नव्हती. १९२० मध्ये सुरुंग लावून ते काचघर पाडलं. पहिल्या झटक्यात पडलं नाही, पुन्हा पुन्हा सुरुंग लावावे लागले, इतकं पक्कं बांधलेलं होतं. १९६२ मध्ये त्याच जागी हे चक्रव्यूह लावलं.

त्या भिंतीवर बसून मला माझं सात अंशांवरचं हीटिंग आठवलं. प्रमाण सोडलं तर गोष्ट तीच. ऊब विकत घेता येते, पण ती एकदा घेऊन भागत नाही. दर रात्री घ्यावी लागते. ज्या रात्री पैसे, कोळसा किंवा माणूस नसेल त्या रात्री मागच्या सगळ्या रात्रींचा हिशोब शून्य.

माणसावरून आठवलं. कॉर्नवॉलमध्ये हेलिगन नावाची बाग आहे. तिथल्या माळ्यांच्या संडासाच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेली नावं आहेत, खाली ऑगस्ट १९१४. सह्या करून ती पोरं लढाईवर गेली. अनेक जण परतलेच नाहीत. बाग रानात बुडाली, काटेरी झुडपांखाली गाडली गेली. १९९० मध्ये टिम स्मिट आणि जॉन विलिस यांना ती पुन्हा सापडली. त्यांनी तिथला जुना अननसाचा खड्डा दुरुस्त केला, घोड्याच्या लिदीच्या उबेवर चालणारा, आणि १९९७ मध्ये त्यातून अननस काढून दाखवला. पण मला तो अननस आठवत नाही, ती भिंत आठवते. वाड्यांच्या कागदांत ड्यूकांची नावं असतात. कोळसा टाकणाऱ्या पोरांना आपली नावं संडासाच्या भिंतीवर लिहावी लागली.

*

दुसरा मार्ग आडोशाचा. याला कोळसा लागत नाही, पण नशीब आणि धीर लागतो.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर इन्व्हरयू म्हणून जागा आहे. नकाशावर बघाल तर मॉस्कोच्याही उत्तरेला. पण अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह किनाऱ्याला घासून जातो, त्यामुळे कडाक्याची थंडी क्वचित पडते. १८६२ मध्ये ऑसगुड मॅकेन्झी याने तिथे बाग करायला घेतली तेव्हा नुसता उघडा खडक होता आणि समुद्राचा खारा वारा. त्याने माती टोपल्यांतून पाठीवर वाहून आणवली. आणि आधी फुलझाडं लावलीच नाहीत. आधी लावली पाइनची झाडं, वारा अडवायला. ती वाढेपर्यंत पंधरा-वीस वर्षं नुसती वाट बघितली! मग त्या आडोशात ऑस्ट्रेलियाचे निलगिरी, वृक्षनेचे, काय काय लावलं. १९५२ मध्ये त्याच्या मुलीने ती बाग नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडला दिली. आजही आहे. महाभट्टी गेली, टोपलीतली माती राहिली.

म्हणजे हा मार्ग बिनधोक का? तर नाही. दक्षिणेला सिली बेटांवर ट्रेस्कोची बाग आहे, ऑगस्टस स्मिथने १८३४ पासून उभी केलेली. तिथे वर्षानुवर्षं दंव पडत नाही. पण जानेवारी १९८७ मध्ये बर्फ पडला आणि बागेचा मोठा भाग गेला. त्यातून सावरतायत तोवर १९९० मध्ये वादळाने आडोशाची झाडंच आडवी केली. त्यांनी पुन्हा लावली. नशिबाच्या भरवशावर जगणाऱ्याला असा एक हिवाळा कधीतरी भेटतोच.

*

आता तिसरा मार्ग. आपला गिब्सन आठवतो? चेरापुंजीवाला? तो पुढे लंडनच्या बॅटरसी पार्कचा प्रमुख झाला. १८६० च्या दशकात त्याने तिथे एक प्रयोग केला. केळी, ताड, वृक्षनेचे, कर्दळी, सगळं काचघरातून काढून उन्हाळ्यात थेट उघड्यावर लावलं. सार्वजनिक बागेत, फुकटात. ज्या लोकांनी चॅट्सवर्थची पायरीही कधी चढली नसती त्यांना केळीचं पान टेम्सच्या काठी बघायला मिळालं. हिवाळ्यात काही परत आत न्यायची, काहींचे कंद काढून ठेवायचे, काही सरळ मरू द्यायची आणि पुढच्या वर्षी बियांपासून नवी करायची. विल्यम रॉबिन्सनने १८७१ मध्ये या तऱ्हेच्या बागांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, दिसायला उष्णकटिबंधातली पण थंडी सोसणारी झाडंच शोधा ना, भट्टी हवीच कशाला?

ही फॅशन आली आणि गेली. मग १९९३ मध्ये ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर इथे ख्रिस्तोफर लॉइड या सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी आपली जुनी गुलाबबाग उपटून टाकली. ती बाग लट्येन्सने आखलेली, हो, तोच, नवी दिल्लीवाला. इंग्रज माणसाला गुलाब उपटणं म्हणजे काय हे तुम्हीच समजून घ्या. गुलाबांना जमिनीचा रोग लागला होता आणि आजोबांना कंटाळा आला होता. तरुण माळी फर्गस गॅरेट याला हाताशी धरून त्यांनी तिथे काय लावलं? केळी, कर्दळ, डेलिया, एरंड, अळू.

परत वाचा. एरंड आणि अळू! आपल्याकडे जो एरंड रेल्वे रुळांच्या कडेला उगवतो आणि जे अळू मोरीच्या पाण्यावर वाढतं, ते इथल्या नर्सरीत ऐटीत कुंडीत बसलेलं असतं. मी एका नर्सरीत अळूची किंमत बघून मनातल्या मनात त्याच्या अळूवड्या मोजल्या होत्या. कर्दळीकडे तर आपण ढुंकूनही बघत नाही.

पण लॉइड आजोबांची खरी कमाल हिवाळ्यात. त्यांच्याकडची केळ म्हणजे मुसा बास्जू, मूळची चीनची, जपानमार्गे आलेली. बाशो या जपानी कवीने आपलं नाव याच केळीवरून घेतलं. हिला फळ खाण्यासारखं येत नाही, पण जमिनीखालचा गड्डा कडाका सोसतो. नोव्हेंबरात खोडाभोवती वाळका नेचा किंवा पेंढा गुंडाळून बांधायचा. वरचं मरतं तर मरू दे. मे महिन्यात खालून कोंब येतो आणि ऑगस्टपर्यंत माणसाच्या डोक्यावर पान. डेलियाचे कंद काढून गारठा लागणार नाही अशा अंधाऱ्या कोपऱ्यात. एरंडाच्या बिया पाकिटात. थंडीशी भांडायचंच नाही. जे मरणार ते मरणार हे आधीच मान्य करायचं, आणि पुन्हा सुरू करता येईल एवढं जपून ठेवायचं.

*

कॅव्हेंडिश आठवतंय ना? पॅक्स्टनने १८३० च्या सुमारास मॉरिशसमार्गे आलेली एक बुटकी चिनी केळ चॅट्सवर्थच्या काचघरात लावली. नोव्हेंबर १८३५ मध्ये ती फुलली, १८३६ मध्ये घड पिकला, बक्षीस मिळालं आणि तिला मालकाचं नाव मिळालं: मुसा कॅव्हेंडिशी. जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने तिची रोपं काचपेटीतून सामोआला नेली आणि तिथून ती पॅसिफिकभर पसरली. १९५० च्या दशकात जगाच्या बाजारातली ग्रो मिशेल ही केळी पनामा रोगाने संपत आली तेव्हा तिची जागा याच घराण्याने घेतली. आपली खानदेशची बसराई म्हणजे याच घराण्यातली बुटकी कॅव्हेंडिश, आणि आज तिच्या जागी आलेली ग्रँड नैनही तिचीच भाऊबंद. डर्बीशायरच्या ड्यूकाचं नाव आणि रावेर-यावलची केळी एका कुळात!

आणि आणखी एक. जळगावलाही थंडी पडते. तापमान दहाच्या खाली उतरलं की केळीची वाढ थांबते, घड अडकतो, साल काळवंडते. तिथला शेतकरी काय करतो? रात्री बागेच्या कडेने ओला-सुका पाला पेटवून धूर करतो. वाऱ्याच्या बाजूला शेवरी नाहीतर गजराज गवत लावतो. घडांना पिशव्या घालतो. विहिरीचं पाणी जरा कोमट असतं, ते रात्री सोडतो. आग, आडोसा, पांघरूण. ड्यूकाने आणि मॅकेन्झीने जे केलं तेच, फक्त कोणी त्याचं तैलचित्र काढत नाही. आणि घड कापला की खालचं पिल्लू राखायचं, हा तिसरा मार्ग तर त्याला कोणी शिकवायची गरजच नाही.

हे सगळं आज पुन्हा महत्त्वाचं झालंय. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडात कोनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. लोकांना वाटलं, आता काय, केळी-ताड सगळं बाहेर लावा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्कॉटलंडातल्या ब्रेमारला पारा उणे १७.३ पर्यंत खाली गेला. हवामान सरासरीने गरम होतंय हे खरं, पण झाड सरासरीने मरत नाही. ते एका रात्रीत मरतं.

असो. तर शेवटी आईला फोन केला. तुळस गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता तास वाजणार. देवाची तुळस, आणि मी गॅसचं बिल वाचवलं.

आई म्हणाली, "अरे, तुळस जातेच थंडीत. इथंसुद्धा जाते. मंजिऱ्या ठेवल्या होत्यास का वाळवून?"

ठेवल्या होत्या म्हणजे काय, सप्टेंबरात खुडून पुस्तकांच्या फळीवर एका बशीत टाकल्या होत्या आणि विसरलो होतो. धूळ झटकून एप्रिलमध्ये पेरल्या. खिडकीत अकरा रोपं आली. दोन शेजारच्या आजींना दिली, त्या तिला 'बेझिल' म्हणतात, म्हणोत. कढीपत्त्याच्या काडीला नखाने खरवडलं तर आत हिरवं होतं. जूनमध्ये बुडातून फुटला.

आता दर सप्टेंबरला मंजिऱ्या पाकिटात जातात, वर तारीख टाकून. बॅकअपला तारीख असावी. हीटिंग मात्र सात अंशांवर ठेवत नाही. सुट्टीवर जाताना कुंड्या एका मित्राच्या घरी सोडतो आणि येताना त्याच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी आणतो. थंडीचं बिल कोणीतरी भरावं लागतंच.